म्हशीची धार कोण काढणार? : वाचकांचे प्रश्न, जुलै २०२१

या महिन्यात आलेली बहुतेक सगळी पत्रं कोरोनाबद्दलची आहेत. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण सापडले होते. आता रोजचा आकडा दहा हजारांच्या आसपास आला आहे, त्यामुळे मुंबईकडच्या पत्रांत थोडा मोकळा श्वास जाणवतो. पण आमच्या सातारा, सांगली, कोल्हापूरकडे आकडा हट्टाने वरच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नोकरीतून निवृत्त झाले तरी मी गावच्या विलगीकरण कक्षात रोज फेरी मारते, म्हणून उत्तरं तिथल्या अनुभवाने देते आहे. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात घेतली आहेत.

"मॅडम, मी खटाव तालुक्यातल्या एका गावचा सरपंच आहे, वय २६. आम्ही शाळेत विलगीकरण कक्ष केला. गाद्या आणल्या, पंखे लावले, पाण्याची टाकी बसवली. पण तिथं कुणीच यायला तयार नाही. ताप आला की मेडिकलमधून गोळ्या आणतात आणि रानात जातात. दोन वयस्कर माणसं अशीच दगावली. घरात विलगीकरण आता चालणार नाही म्हटलं की बायका दार लावून घेतात. पोलीस पाटील म्हणतात, सक्ती करू. काय करावं?"

सक्ती करू नका. अधिकार तुमच्याकडे आहे, हे मला माहीत आहे. मे महिन्याच्या शेवटी सरकारने रुग्णसंख्या जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवायचं ठरवलं, त्यात आपला साताराही आहे. निर्णय योग्यच होता. दोन खोल्यांच्या घरात आठ माणसं, एक संडास, तिथे रुग्ण वेगळा राहणार कसा? पण आदेश काढणारं कार्यालय साताऱ्यात आहे आणि दार लावून घेणारी बाई तुमच्या गल्लीत. ते दार तुम्हालाच उघडायला लावायचं आहे.

सक्तीने काय होतं ते पुण्याने एकदा भोगलेलं आहे. ज्या साथरोग कायद्याखाली आज आपले जिल्हाधिकारी आदेश काढतात, तो १८९७ चा, प्लेगच्या साथीतला. राज्याने तो मार्च २०२० मध्ये पुन्हा लागू केला. १८९७ मध्ये पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखालचे गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघरात गेले, बायकामाणसांना बाहेर काढून तपासलं. लोकांनी मग आजारी माणसं लपवली, मेलेलीही लपवली, आणि प्लेग पसरतच राहिला. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात जात होत्या. त्यांच्याबरोबर जायला कुणी नकार दिल्याचं मी वाचलेलं नाही. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता तुमच्या गल्लीतल्या बाईकडे येऊ. आमच्याकडेही एकीने असंच दार लावलं होतं. ऑक्सिजन ठीक होता, पण अंगात ताप आणि तपासणी पॉझिटिव्ह. मी ओसरीच्या बाहेर उभी राहून विचारलं, "बाई, नेमकी अडचण काय आहे?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "दोन म्हशी हायत. धार कोण काढणार? मोठी तर दुसऱ्याला सडाला हात लावू देत न्हाई."

शाळेची भीती, आजाराची भीती, लोक काय म्हणतील याची भीती, सगळं होतंच. पण सगळ्यात आधी म्हैस होती. दोन वेळा डेअरीला दूध गेलं नाही की दहा दिवसांचं बिल कमी होतं, आणि त्या बिलावरच किराणा चालतो. शेवटी शेजारची बाई तयार झाली. पहिल्या संध्याकाळी मालकीण मास्क लावून गोठ्याबाहेर लांब, पण म्हशीला दिसेल अशी उभी राहिली, आणि शेजारणीने धार काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तसंच. मग ती स्वतःहून पिशवी भरून शाळेत आली.

म्हणून सरपंच, माझं सांगणं असं की गादी-पंख्याआधी यादी करा. कुणाच्या घरी जनावरं आहेत, कुणाची सासू अंथरुणाला खिळलेली आहे, कुणाची लेकरं लहान आहेत, कुणाची रोजची मजुरी बुडणार आहे. ग्रामदक्षता समितीच्या बैठकीत हीच यादी वाचा आणि एकेक घर एकेकाने वाटून घ्या. वैरण आणणं, धार काढणं, डेअरीला दूध घालणं, सासूच्या बीपीच्या गोळ्या आणणं, यातलं एकही काम सरकारी आदेशात बसत नाही, आणि यातलं एक जरी राहिलं तरी माणूस शाळेत येत नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांनी गावातल्याच लोकांची पथकं करून घरोघरी तपासणी चालवली आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झालं. मोहोळ तालुक्यातल्या घाटणे गावात तर ऋतुराज देशमुख हा तुमच्याहूनही लहान सरपंच आहे. तोही असाच घरोघर फिरला.

शाळेतही काही गोष्टी बघा. बायकांची खोली वेगळी आणि आतून कडी लागणारी हवी. संडासात दिवा हवा. मोबाईल चार्ज करायला बोर्ड हवा, कारण घरच्यांचा चेहरा दिसला की माणूस टिकतो. डबा घरचा येऊ द्या, तो फाटकापाशी ठेवायची जागा ठरवा. पैशाची अडचण असेल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला काही भाग विलगीकरण कक्षासाठी वापरायला ग्रामविकास विभागाने परवानगी दिलेली आहे, ग्रामसेवकांना विचारा.

"तिथं गेलेला परत येत नाही" हे लोक का म्हणतात, तेही समजून घ्या. ती माणसं सातव्या-आठव्या दिवशी, धाप लागल्यावर तालुक्याला नेलेली असतात. या आजारात ऑक्सिजन खाली येत असतो आणि माणूस चहा पीत गप्पा मारत असतो, त्याला काही कळतच नाही. ते आधी ओळखायचं तर सहा मिनिटं चालायची चाचणी करा. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा लिहा, खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालायला लावा, पुन्हा बघा. साठीच्या पुढच्यांना तीनच मिनिटं पुरे. आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा आधीपेक्षा ३ ने उतरला, तर रात्र असो की पाऊस, प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. नखांवर नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, बोट थंडगार असेल तर आकडा चुकतो, तेवढं बघून घ्या.

एक शेवटचं. सरकारने कोरोनामुक्त गावाची स्पर्धा लावली आहे, महसूल विभागातल्या पहिल्या गावाला ५० लाख रुपये. तुमच्या गावाने त्यात जरूर उतरावं. पण बक्षिसापायी तपासण्या कमी झाल्या असं होऊ देऊ नका. तपासणीच झाली नाही तर गाव कोरोनामुक्त आहे असं म्हणताच येत नाही.

"मी जत तालुक्यात आशा आहे. गेल्या वर्षी एप्रिलपासून घरोघर सर्वेक्षण करते. लोक म्हणतात, तूच कोरोना घेऊन येतेस. एकाने अंगावर कुत्रं सोडलं. जूनमध्ये संपावर गेलो तर तेच लोक म्हणाले, आता गरजेच्या वेळी पळाल्या. ताई, तुम्हीच सांगा, आम्ही चुकलो का?"

अजिबात नाही. राज्यात तुम्ही सत्तर हजारांच्या आसपास आशा आहात, आणि सरकारच्या सगळ्या साथनियंत्रणाचा पाया तुमच्या चालण्यावर उभा आहे. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम गेल्या सप्टेंबरात निघाली तेव्हा एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक अशा पथकाने दिवसाला पन्नास घरं करायची होती. कागदावर दोन स्वयंसेवक, पण किती गावांत आशाताई एकटीच फिरल्या हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १५ जूनपासूनचा संप २३ जूनला मिटला, हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता मिळाला. तेवढ्यासाठीही तुम्हाला रस्त्यावर उतरावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. सरकारने टाळ्या वाजवायला सांगितल्या त्याच महिन्यात मानधन वाढवायला हवं होतं.

बाकीचं मी वाचकांसाठी लिहिते. तुमच्या दारात आशा येते तेव्हा तिला खरं सांगा. मुंबईहून पाहुणा आला असेल तर आला म्हणा, पोराला जुलाब होत असतील तर होतात म्हणा. तिच्या वहीत लिहिलेली एक खोटी ओळ पुढे तालुक्याच्या आकड्यात जाते आणि त्या आकड्यावर औषधं आणि खाटा ठरतात. तिला सावलीत बसायला जागा द्या, पाणी विचारा. गावातल्या दोन तरुण मुलांनी आळीपाळीने तिच्याबरोबर फिरावं, एकाने वही धरावी, एकाने ऑक्सिमीटर. कुत्रं बांधून ठेवावं. ग्रामपंचायतीने तिचे मास्क, सॅनिटायझर, हातमोजे आपल्या खर्चाने द्यावेत, ती मागेपर्यंत थांबू नये.

"सरकारचं अपयश झाकायला तुम्ही नागरिकांनी काय करावं हे सांगता. ऑक्सिजन नाही, बेड नाही, डॉक्टर नाही. आम्ही कर भरतो. ही आमची जबाबदारी कशी?" (ठाण्याचे एक निवृत्त बँक अधिकारी)

तुमचा राग मला समजतो आणि त्यातला मोठा भाग मला मान्यच आहे. एप्रिलमध्ये नाशिकला पालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ माणसं तडफडून गेली. त्यानंतर दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयाला आग लागली. या मृत्यूंची जबाबदारी कुठल्याही नागरिकावर टाकता येणार नाही. राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करावी, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलेलं आहे. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे, आणि कोरोनाच्या आधीपासून होता. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या जागा सांभाळतच मी सगळी नोकरी काढली. दोन डॉक्टरांच्या केंद्रात एकाने राबायचं आणि रजा मागायची नाही, हेच आम्ही पिढ्यान्पिढ्या केलं.

पण धारावी बघा. जेमतेम अडीच चौरस किलोमीटर जागा, आठ-दहा लाख वस्ती, बहुतेकांना सार्वजनिक संडास. १ एप्रिल २०२० ला तिथे पहिला रुग्ण सापडला तेव्हा आता काय होणार म्हणून सगळ्या मुंबईची झोप उडाली. पालिकेने वाट न बघता घराघरांत ताप तपासला, शाळा आणि क्रीडा संकुल ताब्यात घेतलं, जेवण दिलं, संडास दिवसातून अनेकदा धुतले. हे सरकारचं काम होतं आणि त्यांनी ते केलं. पण अमुक गल्लीत तमुक खोलीत माणूस खोकतोय, हे पालिकेला कोण सांगणार होतं? तिथले खासगी दवाखानेवाले डॉक्टर पुढे आले, कारण पेशंट त्यांना नावाने ओळखत होते. मंडळांची पोरं आली. गेल्या २५ डिसेंबरला धारावीत एकही नवा रुग्ण नव्हता, आणि दुसऱ्या लाटेनंतर यंदा जूनमध्येही तो दिवस पुन्हा आला.

तेव्हा दोन्ही करा. तुम्ही बँकेत होता, हिशेब तुम्हाला वाचता येतो. तुमच्या पालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजन आणि अग्निसुरक्षेची तपासणी कधी झाली, डॉक्टरांच्या मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा, उत्तर नगरसेवकाला दाखवा, सोसायटीच्या फलकावर लावा. तेही साथीतलं कामच आहे, आणि ते करू शकणारी माणसं फार थोडी असतात. त्याचबरोबर तुमच्या मजल्यावर कुणी पॉझिटिव्ह आलं तर त्याचा कचरा उचलायला सफाई कामगार तयार आहे का, त्याच्या घरकामाच्या बाईचा पगार चालू आहे का, हेही बघा.

"मी न्यू जर्सीत असतो. गाव कराडजवळ. आम्ही मित्रांनी पैसे जमवले आहेत आणि गावच्या आरोग्य केंद्राला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवायचे आहेत. किती पाठवावेत?"

पाठवण्याआधी केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : दिवसातून वीज किती वेळ जाते, इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का, आणि आधी आलेली यंत्रं किती आहेत. कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, ते विजेशिवाय चालत नाही. विजेचा दाब कमी-जास्त झाला तर बिघडतं. त्याची जाळी आठवड्याला धुवावी लागते. मिनिटाला पाच लिटरचं यंत्र सौम्य रुग्णाला किंवा घरी परतलेल्याला उपयोगी पडतं, अत्यवस्थ माणसाला ते पुरत नाही. एप्रिल-मेमध्ये जगभरातून इतकी यंत्रं आली की काही केंद्रांत ती खोक्यातच आहेत, आणि ऑक्सिमीटरची बॅटरी मात्र संपलेली आहे.

नंदुरबारचं उदाहरण तुमच्या मित्रांना सांगा. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच जिल्ह्यात ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प बसवायला घेतले. लोक निर्धास्त झालेल्या दिवसांत घेतलेला हा निर्णय एप्रिलमध्ये कामी आला. तुमचे पैसेही आताच्या शांत दिवसांत खर्च व्हावेत असं मला वाटतं. केंद्राला चांगला इन्व्हर्टर, रुग्णवाहिकेचे टायर, लशीच्या रांगेवर पत्र्याची शेड, बसायला बाकं, पिण्याच्या पाण्याची सोय. आणि जमलं तर वर्षभरासाठी एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा पगार, रुग्ण कल्याण समितीमार्फत. पगाराला दिलेल्या देणगीची कोनशिला बसत नाही, म्हणून तसे पैसे कुणी देत नाही. तुम्ही द्या.

"मला कोरोना होऊन गेला. प्लाझ्मा द्यायचा आहे. कुठे देऊ?" (बारामतीची एक विद्यार्थिनी)

प्लाझ्मा, म्हणजे बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव, आता नको. त्याने फायदा दिसला नाही म्हणून आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने १७ मे रोजी तो उपचारांच्या यादीतून काढला. तू रक्त दे. शिबिरं बंद असल्याने रक्तपेढ्यांत साठा कमी आहे, आणि थॅलेसेमियाची लेकरं, बाळंतपणं, अपघात साथीसाठी थांबलेले नाहीत. लस घेतल्यावर १४ दिवस रक्त देता येत नाही, म्हणून लस अजून घेतली नसेल तर आधी रक्त दे, मग लस. जाण्यापूर्वी रक्तपेढीत फोन करून वेळ ठरव.

"व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय : दोन वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांचा मुलगा, आई-बाप कोरोनात गेले, दत्तक घ्यायचे असल्यास या नंबरवर फोन करा. आमच्या ओळखीत मूल नसलेलं जोडपं आहे. फोन करायला सांगू का?" (सोलापूरच्या एक गृहिणी)

सांगू नका, आणि मेसेज पुढे पाठवूही नका. असं मूल देणं-घेणं हा गुन्हा आहे. या मेसेजमागे मुलांची विक्री करणारे असू शकतात, आणि फोन नंबर खरा असला तरी मूल त्या माणसाच्या हवाली करायचा अधिकार कुणालाच नाही. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर फिरवा आणि मेसेज त्यांना कळवा. पुढचं काम जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचं. तुमच्या ओळखीच्या जोडप्याला दत्तक घ्यायचंच असेल तर 'कारा' या केंद्रीय संस्थेकडे नोंदणी करावी लागते. वेळ लागतो, पण मूल कायद्याने त्यांचं होतं आणि पुढे कुणी दारात येऊन मागत नाही.

पण तुमचं पत्र आल्यावर मला वेगळीच काळजी वाटली. मेसेजमधली मुलं असतील-नसतील, तुमच्या पेठेत मात्र खरी असतीलच. आई-वडील दोघेही कोरोनात गेलेल्या मुलाच्या नावे पाच लाखांची मुदत ठेव ठेवायचं राज्य मंत्रिमंडळाने जूनच्या सुरुवातीला ठरवलं, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्रत्येक जिल्ह्यात कृती दल आहे. पण त्या दलाला मुलं सापडणार कशी? दुःखातल्या आजीला अर्ज सुचत नाही. आजीच्या शेजारणीला सुचला पाहिजे.

आणि ज्या घरात कर्ता पुरुष गेला, बाई आणि लेकरं मागे राहिली, तिथे तर कागद समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज भाकरीइतकीच आहे. तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून तुम्हाला सांगते. तिच्या घरी जा. नवऱ्याचं बँकेचं पासबुक मागा आणि मे किंवा जून महिन्यात ३३० रुपये कापले गेलेत का बघा. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा २०२१ चा हप्ता, आणि वारसाला दोन लाख मिळतात. पुष्कळ बायकांना हा विमा असल्याचंच माहीत नसतं. मृत्यूच्या दाखल्याच्या सात-आठ प्रती काढून घ्या. तलाठ्याकडे वारस नोंद, रेशनकार्डात बदल, दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार, आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. तहसील कचेरीत तिला एकटीला पाठवू नका, पहिल्या वेळी बरोबर जा. आणि घर-जमिनीच्या कागदावर कुणी दीर किंवा चुलता सही मागत असेल तर, "आधी वाचून घेऊ, मग सही," हे वाक्य तिच्या वतीने तुम्ही बोला. नव्या विधवेला ते बोलता येत नाही.

"आईचं खासगी रुग्णालयाचं बिल अवाच्या सवा आलं. आई घरी आली, देवाची कृपा. पण पैसे कर्जाने भरलेत. आता काही होऊ शकतं का?" (मिरजेचा एक रिक्षाचालक)

होऊ शकतं. सरकारने कोविडच्या उपचारांचे दर ठरवून दिलेले आहेत. मोठ्या शहरांत दिवसाला साध्या खाटेला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. १ जून २०२१ च्या आदेशाने मधल्या शहरांत ३,०००, ५,५०० आणि ६,७००, आणि बाकी भागात २,४००, ४,५०० आणि ५,४०० अशी उतरण आली. महागडी औषधं आणि काही मोठ्या तपासण्या वेगळ्या धरतात. बिल सरकारी लेखापरीक्षकाने तपासलेलं असलं पाहिजे. तपशीलवार बिल, औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन पालिकेत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. जादा रक्कम परत मिळाल्याची उदाहरणं आहेत. आणि पुढे कुणाला दाखल करायची वेळ आली तर दाखल करतानाच महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र कुठे बसतात ते विचारा. ही योजना गेल्या वर्षीपासून राज्यातल्या सगळ्यांना खुली आहे, कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड चालतं. फोन १५५३८८.

"माझी आजी ७२ वर्षांची आहे. लस घ्यायला तयार नाही. शेजारच्या गावात लस घेऊन एकजण गेला म्हणते. मी अकरावीत आहे, माझं ती ऐकत नाही. मी तिला कसं समजावू?" (तासगाव)

बाळा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. समजवायची घाई करू नकोस, आधी तिचं ऐकून घे. शेजारच्या गावातला तो माणूस कोण, त्याला आधी काय आजार होता, किती दिवसांनी गेला, हे तिच्याकडून सगळं काढून घे. मग आशाताईंना घरी बोलव आणि आजीसमोर तेच विचार. मोठ्या माणसांची भीती आकड्यांनी जात नाही, ओळखीच्या माणसाने बसून बोललं की कमी होते. नंदुरबारच्या डोंगराळ भागात लसीकरणाच्या गाड्या पाड्यांपर्यंत नेल्या, तरी लोक आधी मागेच राहिले. गावातली मानाची माणसं लस घेऊन दुसऱ्या दिवशी शेतात दिसली, तेव्हा बाकीचे आले. तुझ्या आजीच्या बरोबरीच्या, लस घेतलेल्या दोन-तीन आज्यांना एका दुपारी चहाला बोलवायला काय हरकत आहे?

तिला हेही सांग की मुंबईत प्लेगची लस तयार झाली तेव्हा हाफकिन साहेबांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, १० जानेवारी १८९७ ला. तिच्या आजीच्या काळातली गोष्ट आहे, तिला आवडेल.

तयार झाली की उशीर करू नकोस. नोंदणी मोबाईलवर तू कर, आधार कार्ड बरोबर ठेव. सकाळी गर्दी असते, म्हणून केंद्रातल्या सिस्टरना आदल्या दिवशी विचार, वयस्करांना कधी आणलं तर बसायला मिळेल. उपाशीपोटी नेऊ नकोस, चालू गोळ्या बंद करू नकोस. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टोचायच्या आधी सिस्टरना सांग. कोव्हिशील्ड मिळाली तर दुसरा डोस ८४ दिवसांनी, ती तारीख तिथेच लिहून घे. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवून ठेव. रात्री ताप, अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. दोन दिवसांत ताप उतरला नाही, किंवा खोकला सुरू झाला, तर तो लशीचा ताप आहे असं धरून घरी बसू नकोस, तिला केंद्रात नेऊन तपासणी करून घे.